असईचा हत्ती: फौजी टोपीचा बिल्ला असल की नक्कल?

राजूरला चतुर्थीची यात्रा भरते तेव्हा रस्त्याच्या कडेला जुनी कुलपे, नाणी, पितळी भांडी मांडून बसणारे दोन-चार जण असतातच. जालन्याच्या भंगारवाल्यांकडेही पितळेच्या पोत्यातून अधूनमधून फौजी बिल्ले निघतात. त्यातला एक बिल्ला आपल्या भागात फार बोलका आहे. मोठा चांदणीच्या आकाराचा, मध्ये बिगुलाचे शिंग, वर मुकुट, खाली इंग्रजीत ‘असये’ अशी अक्षरे आणि त्याखाली हत्ती. विकणारा छातीठोकपणे सांगतो, “हा असईच्या लढाईतला, दोनशे वर्षांचा.” पुण्या-मुंबईचे शौकीन आता मोबाईलवर फोटो मागवून सौदा करतात, त्यामुळे हे वाक्य दूरवर जाते आणि त्यावर पैसे मोजले जातात.

हे वाक्य खोटे आहे. पण गंमत अशी की वाक्य खोटे असले तरी बिल्ला खरा असू शकतो. हा फर्क न कळल्यामुळे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचे दोन्हीकडून नुकसान होते. कोणी कालची नक्कल जुनी म्हणून घेऊन बसतो, तर कोणी शंभर वर्षांची असल चीज पितळेच्या भावात काट्यावर टाकतो. आम्ही कपड्याचे व्यापारी, धातूचे नाही. पण जुन्या वर्द्या, कोट, पट्टे यांच्या गाठोड्यांबरोबर बटणे आणि बिल्ले आमच्याकडेही येत राहिले. त्यातून जो तजुर्बा मिळाला तो येथे मांडत आहोत.

लढाई कधीची, बिल्ला कधीचा

असई हे गाव आपल्याच जिल्ह्यातले, भोकरदनच्या पलीकडे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबातले. 23 सप्टेंबर 1803 रोजी येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. इंग्रज जिंकले, पण त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. 74 नंबरच्या स्कॉटिश पलटणीचे तर जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा घायाळ झाले. या लढाईची आठवण म्हणून 74 आणि 78 नंबरच्या स्कॉटिश पलटणी आणि 19 नंबरचे घोडदळ यांना हत्तीचे चिन्ह आणि ‘असये’ हा शब्द लावण्याची परवानगी मिळाली. ही परवानगी 1807 सालची आहे. म्हणजे लढाईच्या दिवशी असईच्या मैदानात हत्तीचे चिन्ह लावलेला एकही गोरा शिपाई नव्हता. त्या काळी पलटणीची ओळख कोटाच्या बटणावर आणि छातीवरच्या पट्ट्याच्या पाटीवर असे.

आता तो चांदणीचा बिल्ला. तो हायलँड लाइट इन्फंट्री या रेजिमेंटचा. शिंगाच्या वळणात एच, एल, आय ही तीन इंग्रजी अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात, ती भिंगातून पाहावीत. ही रेजिमेंट 1881 साली 71 आणि 74 या दोन पलटणी जोडून झाली आणि 1959 साली दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली. बिल्ला या 78 वर्षांतलाच असणार. त्यातही साध्या शिपायाच्या कापडी टोपीला धातूचा बिल्ला सर्रास लागला तो 1890 च्या दशकात. त्याआधी हेल्मेटवरच्या मोठ्या पाट्या आणि स्कॉटिश ग्लेनगरी टोपीचे बिल्ले होते, त्यांची घडण वेगळी. तेव्हा ‘1803 चा टोपीचा बिल्ला’ किंवा ‘सत्तावनच्या गदरातला टोपीचा बिल्ला’ असे कोणी म्हणाले की समजावे, बोलणाऱ्याला माहिती नाही किंवा तो आपल्याला बेवकूफ समजतो.

हत्ती हा फक्त गोऱ्यांचा नव्हे, हेही ध्यानात असावे. असईला मद्रासच्या देशी पलटणीही लढल्या, त्यांनाही हे चिन्ह मिळाले, आणि आजच्या मद्रास रेजिमेंटच्या निशाणीत असईचाच हत्ती आहे. हत्ती दिसला की लगेच स्कॉटिश ठरवू नये.

नावावरून आणि मुकुटावरून साल

पलटणींची नावे वेळोवेळी बदलली, आणि हेच पारख करणाऱ्याचे मोठे हत्यार आहे. आपल्या जालन्याचेच उदाहरण घ्या. येथे इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती 1903 पर्यंत. त्या वर्षी कंटिंजंट मोडून तिच्या पायदळ पलटणींना 94 ते 99 असे नंबर मिळाले, 94 आणि 95 या रसेलच्या नावाच्या. 1922 साली पुन्हा फेरबदल होऊन 19 वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 साली तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. कुमाऊंच्या बिल्ल्यावर आज जो क्रूस धरलेला अर्धा सिंह आहे, तो हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या घराण्याच्या चिन्हातून आला आहे. म्हणजे एखाद्या चिजेवर ‘19’ आणि ‘हैदराबाद’ ही दोन्ही असतील तर ती 1922 ते 1945 मधली, आणि ‘94 रसेल’ असेल तर 1903 ते 1922 मधली. सांगणारा जर ‘पणजोबा 1890 मध्ये याच बिल्ल्यावर नोकरीत होते’ म्हणाला, तर पणजोबा खरे असतील, बिल्ला त्यांचा नाही.

आणखी एक गोष्ट. देशी शिपाई बहुधा पगडी किंवा कुल्ला-लुंगी बांधत. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांतून टोपीच्या बिल्ल्यापेक्षा खांद्यावरची पितळी अक्षरे, बटणे आणि कमरपट्ट्याचे बक्कल जास्त निघतात. ती बिल्ला नाहीत म्हणून हलक्या हाताने देऊ नयेत.

मुकुटाचा हिशेब असा. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट 1901 पर्यंत, तो जरा बसका असतो. त्यानंतर राजांचा मुकुट, त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल, तो 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. मग एलिझाबेथ राणीचा मुकुट, त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या. नवखा माणूस दोन राण्यांच्या मुकुटांत फसतो आणि 1960 चा बिल्ला 1890 चा म्हणून घेतो. त्यात भर म्हणजे 2022 नंतर चार्ल्स राजाने पुन्हा गोल कमानींचा मुकुट स्वीकारला. म्हणून गोल मुकुट दिसला की जुना, हा जुना नियम आता आंधळेपणाने चालत नाही. भारतीय फौजेत 1950 मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले, हा मात्र सरळ हिशेब आहे.

धातूही बोलतो. साध्या शिपायाचे बिल्ले पितळेचे, जर्मन सिल्व्हरचे किंवा दोन्ही धातू जोडलेले. अंमलदारांचे चांदीचे, मुलामा दिलेले किंवा काळपट ब्राँझचे. पहिल्या महायुद्धात 1916 च्या सुमारास धातू वाचवण्यासाठी काही दुहेरी धातूंचे बिल्ले नुसत्या पितळेत निघाले. ते नक्कल नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात 1942 च्या सुमारास तर प्लॅस्टिकचे बिल्ले निघाले. भंगारात असा तपकिरी किंवा राखी प्लॅस्टिकचा बिल्ला आला तर पोराच्या खेळण्यातला म्हणून फेकू नका. 1950 च्या दशकापासून हलक्या, चकचकीत रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमचे बिल्ले आले. ते खरे असतात, पण ‘महायुद्धातले’ नसतात. लोहचुंबक खिशात ठेवावा. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर त्याला चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे, पुढे बोलणे नको.

पैठणीसारखे उलटे करून पाहा

पैठणी घेणारी जाणती बाई आधी पदर उलटा करते. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी साफ असते. मागे धागे लोंबत असले की ती समजते. बिल्ल्यालाही हेच लागू. खरेपणाचा निम्म्याहून जास्त पुरावा पाठीवर असतो, आणि आपले लोक फोटो फक्त पुढचा काढतात.

विलायती बिल्ले पोलादी ठशाखाली पत्रा दाबून बनत. म्हणून पुढे जे उंच, ते मागे खोल. हत्तीची पाठ पुढे फुगलेली असेल तर मागे तशीच खोलगट दिसली पाहिजे. ओतीव मालाची पाठ सपाट किंवा रवाळ असते, वाळूचे दाणे उठल्यासारखी, आणि बारीक छिद्रे दिसतात. पुढेही अक्षरांच्या कडा मऊ होतात, हत्तीचे पाय एकमेकांत मिसळतात. अक्षरांमधली आणि नक्षीमधली जागा असलमध्ये साफ कापलेली असते. नकलेत ती बुजलेली किंवा कानशीने ओबडधोबड घासलेली.

आपले ओतारी बांधव एक गोष्ट माझ्याआधी सांगतील. तयार चिजेवरून साचा घेऊन पितळ ओतले की धातू थंड होताना आकसतो, शेकडा दीड-दोन. चार सेंटिमीटरचा बिल्ला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लहान भरतो. डोळ्याला हे दिसत नाही, व्हर्निअरला दिसते. म्हणून एक खात्रीचा असल बिल्ला हाताशी असेल तर त्याची लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवावी. पुढचे दहा बिल्ले त्यावर तपासता येतात.

टोपीला अडकवण्याची सोय पाहा. एक तर दोन तांब्याच्या कड्या, नाही तर मागून खाली उतरणारी उभी पट्टी, जिला शौकीन स्लायडर म्हणतात. असलमध्ये ती नेटकी झाळलेली असते. नकलेत झाळ पसरून थारोळे झालेले असते, कधी पट्टीच्या वरच्या टोकाला चिमटा घेतल्याची खूण असते. कडी तुटून नवी बसवलेली असेल तर बिल्ला खोटा होत नाही, पण तो ऐब आहे, गिऱ्हाइकाला दाखवूनच द्यावा.

झिजेकडे लक्ष द्या. शिपाई रोज बिल्ला घासत असे. त्यामुळे उंच भाग, म्हणजे मुकुटाचा माथा, हत्तीचे डोके आणि अक्षरांचे वरचे अंग, गुळगुळीत होते आणि खाचांत वाळलेल्या पॉलिशची पांढरट-हिरवट पूड बसते. पाठ मात्र कोणी घासत नसे. ती एकसारखी तपकिरी, शांत रंगाची असते. नकली जुनेपणा तेजाबाने आणतात. तो पुढे-मागे सारखाच काळा असतो, खाचांत साचलेला, आणि ओल्या कापडाने घासला तर कधी कधी सुटतो. पुढून झिजलेला आणि मागून कोरा करकरीत, किंवा चारही कडा सारख्याच झिजलेल्या, असा माल शक घेण्यासारखा.

यातूनच एक कळकळीची सूचना. आपल्याकडे माल आला की चिंच, लिंबू, राख लावून लखलखीत करण्याची सवय आहे. भांड्याला ते ठीक. बिल्ल्याला हात लावू नका. पाठीवरचा रंग गेला की पुरावा गेला, आणि मग खऱ्या मालालाही शौकीन नकली म्हणतो. आमच्या ओळखीच्या एका भंगार व्यापाऱ्याने पट्टीसह सहा बिल्ले रात्रभर चिंचेत घातले. सकाळी ते नव्या नवरीसारखे झाले आणि बघायला आलेले गिऱ्हाईक एक शब्द न बोलता निघून गेले.

विलायती कारखान्याचा छाप असला की लोक डोळे झाकून घेतात. बर्मिंगहॅमच्या गॉन्ट कंपनीचे नाव त्यात सर्वात जास्त दिसते. कंपनी खरी, काम उत्तम. पण जुने ठसे शाबूत असतील तर त्यांवर पुढेही माल दाबता येतो, आणि तसा माल बाजारात आलेला आहे. त्यात नक्षी अगदी बरोबर असते, कारण ठसा असल. फक्त झीज नसते, धातू किंवा मागची पट्टी वेगळी असते. म्हणून छाप हा एक पुरावा झाला, निकाल नव्हे.

ओतीव म्हणजे नकली असे नाही

वर आम्ही ओतीव मालावर शक घ्या म्हणालो, पण हिंदुस्थानात त्याला मोठा अपवाद आहे, आणि येथेच विलायती पुस्तके वाचून आलेले शौकीन चुकतात. छावण्यांच्या बाजारात देशी कारागीर पलटणींसाठी बिल्ले, खांद्याची अक्षरे, बटणे बनवून देत. विलायतेहून माल यायला वेळ लागे आणि शिपायाचा बिल्ला हरवला की उद्याच्या परेडला दुसरा हवा असे. पोलादी ठसा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून वाळूच्या साच्यात पितळ ओतून, कानशीने घासून, मागे तांब्याची कडी झाळून देत. असा माल जाड, जड आणि किंचित वाकडातिकडा असतो. तो त्याच काळात, त्याच पलटणीत, शिपायाच्या डोक्यावर वापरला गेला. तो असलच आहे. काही शौकीन तर मुद्दाम हाच शोधतात.

मग तो आजच्या ओतीव नकलेपासून वेगळा कसा ओळखावा? हाताने मारलेल्या कानशीच्या रेघा असतात, पण त्या वापराने बोथट झालेल्या. कडीच्या आतल्या अंगाला पिनेने खाल्लेली खाच असते, आणि ही खाच फार मोलाची, कारण ती वर्षानुवर्षे वापरल्याशिवाय पडत नाही. जुना कारागीर आपल्या हाताने नमुना बनवी, म्हणून त्याचा हत्ती विलायती हत्तीपेक्षा वेगळा, थोडा आपल्या देवळाच्या दगडी हत्तीसारखा दिसतो. आजची नक्कल विलायती बिल्ल्यावरूनच साचा घेते, म्हणून हत्ती तोच, फक्त अंधुक. आमच्या मते वेगळा पण ठाशीव हत्ती बरा, सारखा पण अंधुक हत्ती वाईट. कारागीर बांधवांनी या जुन्या देशी कामाकडे थोडा अभिमानाने पाहायला हरकत नाही.

कापड आणि धागा

येथे आम्ही आमच्या धंद्यात आलो. पुष्कळ बिल्ल्यांमागे लाल किंवा हिरव्या बनातीचा तुकडा असतो, आणि अंमलदारांचे काही बिल्ले जरीच्या भरतकामाचे असतात. कापड खोटे बोलत नाही. मागच्या तुकड्याचा किंवा शिवणीचा एक धागा सुईने ओढून जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख चुरडते. सूत कागदासारखे जळून मऊ राखाडी राख होते. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला तर तो नायलॉन किंवा पॉलिस्टर. हे धागे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि त्यानंतर बाजारात आले. 1914 च्या बिल्ल्यामागे मणी होणारा धागा निघाला तर निदान ते कापड नंतर लावलेले आहे.

दुसरी युक्ती दुकानातच आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा सगळ्यांकडे असतो. अंधारात त्याखाली पांढरा धागा धरावा. नवा धागा निळसर पांढरा चमकतो, कारण त्यात उजळवणारे रसायन असते. जुने सूत मंद राहते. मात्र जुने कापड आजच्या साबणाच्या पावडरीने धुतले असेल तर तेही चमकते, हे धरून निर्णय करावा. जरीत जुनी असेल तर ती चांदी असल्यामुळे काळवंडते. पिवळी धमक राहिलेली जर बहुधा प्लॅस्टिकवरची.

कायद्याची बाजू

1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाचे बिल्ले आता शंभरी ओलांडून गेले आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नाही. विलायतेचे किंवा आखातातले गिऱ्हाईक ‘पार्सल करा’ म्हणाले की आधी थांबावे. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो, तो घेतल्याशिवाय माल बाहेर पाठवू नये.

असईच्या शेतांत यंत्र घेऊन धातू शोधणारे अधूनमधून येतात असे ऐकू येते. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हा 1878 चा कायदा अजून लागू आहे. ‘असईच्या मातीतून काढलेला’ म्हणून कोणी माल आणला तर दोनच शक्यता उरतात. बात खोटी असेल तर माल नकली, आणि खरी असेल तर घेणाराही अडचणीत.

नक्कल बनवणे हा गुन्हा नाही, नाटक-सिनेमावाल्यांना आणि शौकिनांनाही ती लागते. बनवणाऱ्याने मागे स्पष्ट दिसेल असा आपला शिक्का आणि साल ठोकावे, आणि बिलावर ‘नवीन बनावट’ असे लिहावे. घेणाऱ्यानेही बिलावर काय लिहिले ते पाहावे. नुसते ‘पितळी बिल्ला, एक नग’ लिहिले असेल आणि तोंडाने दोनशे वर्षे सांगितली असतील, तर ती दोनशे वर्षे बिलावर लिहून मागावीत.